श्रावणात चुलवाण पेटलं कशानं?

केबिनच्या झरोक्यातून : वाचकांचे सिनेमाविषयक प्रश्न

गेल्या महिन्यात आपल्या कोल्हापुरातल्या एका सभागृहात शहरातल्याच पोरांनी केलेल्या एका थरारपटाचा निमंत्रितांसाठी खेळ झाला. सहा लाखांत आणि चौदा रात्रींत काढलेला, एक तास वीस मिनिटांचा. गुऱ्हाळावरचा, म्हणजे उसाचा गूळ करतात तिथला, एक गुळव्या (गूळ करणारा कारागीर) एकामागून एक माणसं मारत जातो, एवढीच गोष्ट. पोरं अजून त्यात दुरुस्त्या करतायत, म्हणून नाव छापत नाही. त्या एका खेळाबद्दल इतकी पत्रं आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो.

मीही त्या खेळाला होतो, मागच्या दाराजवळ उभा. टॉकीजच्या केबिनमध्ये माझी ३१ वर्षं गेली. प्रोजेक्टरशेजारच्या झरोक्यातून पडदा दिसतो आणि पडद्याखाली शेकडो डोकी दिसतात. पडद्यावरचं तिसऱ्या दिवशी पाठ होतं, डोकी मात्र रोज नवी. त्यांच्याकडं बघायची सवय लागली ती अजून आहे.

प्रश्न : मी त्या सिनेमाचा दिग्दर्शक. वय २६. वडिलांच्या उसाच्या बिलातले दीड लाख, माझी दोन वर्षांची बचत आणि मित्रांनी घातलेले पैसे, असे सहा लाख जमवले. खुनी मारलेल्या माणसाला भर पावसात ओढत गुऱ्हाळात आणतो आणि मागं काहिलीत, मोठ्या कढईत, रस उकळतोय, हा माझा सगळ्यात मोठा प्रसंग. तिथं लोक हसले. मला खुर्चीत बसवेना. आपल्या प्रेक्षकाला थरारपट कळत नाही, का मीच कमी पडलो? (कसबा बावडा)

उत्तर : भावा, लोक चार वेळा हसले. मी मोजलं. पण चारही हसणी वेगवेगळी होती, आणि तुला टोचलेलं हसू त्यातलं सगळ्यात सरळ होतं.

माझ्या पुढच्याच रांगेत टोपी-धोतरातले एक गृहस्थ होते, कुणाचे तरी आजोबा असावेत. तुझा गुळव्या मढं ओढत आत आला, बाहेर धो धो पाऊस, आत काहिलीखालची चूल, चुलवाण, धडधडतंय, रसाला फेस आलाय. आजोबा शेजाऱ्याच्या कानात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "श्रावणात चुलवाण पेटवलं कशानं ह्येनं?" शेजारी हसला, मग ती रांग, मग पुढची. अर्ध्या मिनिटात सगळ्या सभागृहाला कळलं होतं की हे गुऱ्हाळ खोटं आहे.

तू बावड्याचा. तुझ्या घरचा ऊस. गुऱ्हाळ दसरा-दिवाळीच्या सुमाराला लागतं, आणि चुलवाणात घालायचं चिपाड, म्हणजे रस काढून उरलेला ऊस, उन्हात वाळल्याशिवाय पेटत नाही, हे तुला मी सांगायला नको. तुला पाऊस हवा होता, कारण पाऊस भीतीचा. तुला जाळही हवा होता, कारण उकळती काहील भीतीची. दोन्ही एकत्र घेतलंस आणि करवीर, पन्हाळा, कागलच्या माणसांपुढं दाखवलंस. मुंबईत हा प्रसंग चालून गेला असता. इथं समोर बसलेल्यांतल्या निम्म्यांच्या हाताला कधी ना कधी पाकाचा चटका बसलेला आहे. प्रेक्षकाला थरारपट कळतो रे. त्याला गुऱ्हाळही कळतं. खुनी माणसं का मारतो, हे त्यानं तुझ्यावर विश्वास ठेवून मान्य केलं होतं. पण चिपाड ओलं असताना जाळ दिसला आणि तो विश्वास तुटला. तिथून पुढची दहा मिनिटं त्यानं तुझी प्रत्येक गोष्ट तपासून घेतली. तिसरं हसू आलं ते त्याच तपासणीत : सिनेमातली पोरगी मोबाईलला रेंज नाही म्हणते आणि पुढच्याच दृश्यात तिचा फोन वाजतो.

उपाय तुझ्याजवळच आहे, आणि तो स्वस्तातला आहे. जाळ काढून टाक. बंद गुऱ्हाळ दाखव. गार पडलेली काहील, कोपऱ्यात भिजून काळं पडलेलं चिपाड, पत्र्यावरचा पाऊस, आणि हंगाम संपल्यावर जिथं कुणीच येत नाही तिथं आलेला एक माणूस. बंद गुऱ्हाळात पावसाळ्यात एकट्यानं जायला मी आजही धजणार नाही.

आता दुसरी गोष्ट. तुझ्या सिनेमात ५२ व्या की ५३ व्या मिनिटाला जे झालं, ते तू खुर्चीत खाली मान घालून बसल्यामुळं तुला दिसलंच नाही. पोरगी गुळाच्या ढेपा मोजतेय. एक, दोन, तीन. बाहेरून बैलाच्या गळ्यातल्या घुंगराचा आवाज येतो. ती थांबते. पुन्हा मोजायला लागते. पुन्हा घुंगरू. मग ती मान वळवून गोठ्याकडं बघते आणि गोठा रिकामा आहे. तेव्हा सभागृहात काय झालं सांगतो. त्या सभागृहाच्या खुर्च्या जुन्या आहेत, माणूस नुसता हलला तरी करकरतात, आणि खेळ सुरू झाल्यापासून ती करकर अखंड चालू होती. घुंगरू दुसऱ्यांदा वाजलं आणि ती थांबली. एकही खुर्ची वाजेना. शेजारच्या बाईंनी वेफर्सच्या पुडीत घातलेला हात तसाच आत राहिला. पुडी वाजेल म्हणून त्यांना तो बाहेर काढवेना. मी घड्याळात बघितलं, अकरा सेकंद. केबिनमध्ये असताना अशी शांतता मला वर्षातून दोन-तीनदाच मिळायची, तीसुद्धा मोठ्या पैशाच्या सिनेमांत. ती तू एका घुंगरावर मिळवलीस.

त्या जागी तुझ्या सिनेमात संगीत नव्हतं, हे लक्षात घे. बाकी सगळीकडं ढोल आणि किंचाळणारं व्हायोलिन आहे, अगदी पोरगी चहा पितानाही. संगीत वाईट असतं असं मी म्हणत नाही. जॉन कार्पेंटरनं १९७८ साली 'हॅलोवीन' केला, तोही हाताशी थोडे पैसे घेऊन, सव्वातीन लाख डॉलरच्या आसपास. गोष्ट ऑक्टोबरातल्या पानगळीची आणि चित्रीकरण वसंतात, म्हणून पोरांनी पानं रंगवून रस्त्यावर पसरली, प्रसंग झाला की गोळा केली आणि पुढच्या प्रसंगाला पुन्हा पसरली. खुन्याचा मुखवटा दुकानातून दोन डॉलरच्या आत आणला आणि त्याला पांढरा रंग मारला. सिनेमा तयार झाल्यावर कार्पेंटरनं तो संगीताशिवाय एका मोठ्या स्टुडिओतल्या अधिकारी बाईंना दाखवला. बाई जराही घाबरल्या नाहीत. मग त्यानं स्वतः बसून संगीत केलं. लहानपणी वडिलांनी बोंगोवर शिकवलेला पाच मात्रांचा ठेका, त्यावर पियानोचे मोजके सूर. सिनेमा तोच राहिला आणि लोक खुर्च्यांना धरून बसायला लागले. ते संगीत एकच ठेका धरून येतं. म्हणून ते आलं की कुणीतरी आलंय हे कळतं. तुझं संगीत सारखंच वाजत असतं, त्यामुळं कोण आलं कोण गेलं काही कळत नाही. तुझ्याजवळ घुंगरू आहे. तेच तुझं संगीत कर, आणि चहाच्या प्रसंगात काहीही वाजवू नकोस.

वडिलांना विचारून पावसाळ्यातलं गुऱ्हाळ एकदा पुन्हा दोन रात्रींसाठी माग. पैसे कमी पडले तर कळव.

प्रश्न : मी बँकेत नोकरीला आहे. सासूबाईंना घेऊन त्या खेळाला गेले होते. विहिरीवरच्या खुनाला मी मोठ्यानं हसले. समोरच्या दोघांनी वळून बघितलं. सासूबाई घरी येईपर्यंत बोलल्या नाहीत. मला त्या मेलेल्या बाईबद्दल काही वाटलंच नाही का, हा विचार डोक्यातून जात नाही. (राजारामपुरी)

उत्तर : ताई, ते चौथं हसू. ते तुम्ही एकट्या हसला नाहीत. तुमच्या आधी क्षणभर डाव्या बाजूचा एक पोरगा हसला आणि तुमच्यानंतर बरेच जण. आणि ते आजोबांच्या हसण्यासारखं नव्हतं. आजोबा हसले तेव्हा शेजाऱ्याकडं बघून हसले. तुम्ही पडद्यावरची नजर न काढता हसलात, पदर तोंडाशी धरून, आणि कुणीतरी तोंड दाबल्यासारखं ते हसू मध्येच तुटलं. भीतीचं हसू असंच तुटतं. छातीत धरून ठेवलेला श्वास सुटायला वाट शोधतो. कुणाचा किंकाळी होऊन सुटतो, कुणाचा हसू होऊन.

१९९९ साली आमच्या टॉकीजला 'कौन' लागला होता. एक घर, तीन पात्रं, बाहेर पाऊस, टीव्हीवर मोकाट सुटलेल्या खुन्याची बातमी आणि अख्ख्या सिनेमात एकही गाणं नाही. पहिल्या दिवशी स्टॉलमधून ओरडा यायचा, "गाणं लावा की!" आणि दाराबाहेरचा तो चिवट माणूस पुन्हा पुन्हा बेल वाजवायचा, आत घ्या म्हणून गळ घालायचा, त्याला लोक खो खो हसायचे. मला वाटलं सिनेमा पडला. पण तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की बेल वाजली की आधी सगळे दचकतात आणि मग हसतात. दचकण्याची लाज झाकायला हसू येतं. बाल्कनीत नवऱ्याबरोबर आलेल्या बायका आधी हसायच्या, पुरुष थोड्या वेळानं. शेवटच्या रिळात कुणीच हसत नव्हतं. शेवट काय होतो ते इथं लिहीत नाही, अजून न पाहिलेले असतीलच.

हसलात म्हणून मेलेल्या बाईबद्दल तुम्हाला काही वाटलं नाही, असं मुळीच नाही. वाटलं म्हणूनच गेले पंधरा दिवस तुम्ही ते डोक्यात वागवताय. सासूबाईंना एकदा विचारून बघा, त्यांनी विहिरीच्या प्रसंगाला डोळे मिटले होते का. मी बघत होतो. मिटले होते.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. मध्यंतरात उठून आलो. खुनी पडद्यावर आला तेव्हा पुढच्या रांगांतून शिट्ट्या पडल्या. बाबूराव पेंटरांच्या गावात खुन्याला शिट्ट्या? आमच्या पिढीनं या गावात स्वच्छ, संस्कारी सिनेमा पाहिला. हा बीभत्सपणा कुठून आला? (शिवाजी पेठ)

उत्तर : गुरुजी, तुमच्या पत्रातल्या एका मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे आणि एकाला विरोध आहे. विरोधाचा आधी घेतो.

बाबूराव पेंटरांचा दाखला तुम्ही दिलात म्हणून त्यांचंच उदाहरण सांगतो. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० साली आला. आपल्याच गावात घडलेला, बाबूरावांनी स्वतः तयार केलेल्या कॅमेऱ्यावर काढलेला. त्यातला कीचकवधाचा देखावा इतका खरा उतरला की बघणारे किंचाळले, काहींना भोवळ आली, आणि शेवटी तो भाग काढून टाकावा लागला, असं सिनेमाच्या इतिहासात नोंदलेलं आहे. मूकपट होता, आवाज नाही, रंग नाही, तरी. त्याच सिनेमासाठी लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हणून गौरवलं. तेव्हा भीती आणि बीभत्स या गोष्टी काही कालपरवा बाहेरून आलेल्या नाहीत. त्या आपल्या मातीतल्या पहिल्या सिनेमातच होत्या, आणि त्या दाखवणारा माणूस देवादिकांची चित्रं रंगवणारा कलावंत होता. कीचकवध बघून ज्याला भोवळ आली तो संस्कारहीन नव्हता. त्याला सैरंध्रीचा अपमान आधी दिसला होता.

आता पाठिंब्याचं. शिट्ट्या कुणी मारल्या ते मी खेळानंतर जाऊन विचारलं. खुन्याचं काम करणारा पोरगा मंगळवार पेठेतल्या एका तालमीचा, आणि पुढच्या तीन रांगा त्याच तालमीच्या. आपला मित्र पडद्यावर आला म्हणून त्यांनी शिट्टी मारली. हे मी त्या पोरांच्या बाजूनं सांगतो, मनानं ती पोरं वाईट नाहीत. पण शिट्टी मारायची जागा त्यांना सिनेमानंच दिली, आणि तिथं तुमचा आक्षेप खरा आहे. खुनी पहिल्यांदा दिसतो तो पायांपासून, हळूहळू, मागं धूर, ढोलाचा दणका आणि खांद्यावर कोयता. नायकाला आणतात तसं त्याला आणलंय. तिथं शिट्टी पडणारच, मित्र असो वा नसो. केबिनमधून मी हे शेकडो वेळा पाहिलंय : कॅमेरा पायांपासून वर चढायला लागला की स्टॉलमधली बोटं तोंडात गेलीच म्हणून समजा. पुढं त्या माणसानं खून केला तरी पहिल्या दहा सेकंदांत झालेली ओळख पुसत नाही.

मी दिग्दर्शकाला हे तोंडी सांगितलं आहे. तो म्हणाला, "पण काका, ते शॉट सगळ्यात भारी झालेत." झालेत. तरी काढावेत असं मला वाटतं. खुनी पहिल्यांदा दिसावा तो ढेपेला कापड गुंडाळताना, दहा माणसांत एक. पुढं कळलं की आपण त्याच्याकडं बघूनही बघितलं नव्हतं, तर घरी जाताना माणूस रस्त्यावरच्या चेहऱ्यांकडं बघत जाईल.

गुरुजी, दुरुस्त्या झाल्यावर पुन्हा खेळ होईल, तेव्हा तुम्ही यावं आणि मध्यंतरानंतरही थांबावं. तुमच्यासारखा माणूस उठून जातो तेव्हा पोरांना ते टोचतं, पण नक्की कुठं चुकलं ते कळत नाही. तुम्ही थांबून सांगितलंत तर कळेल.

प्रश्न : रक्त कसलं वापरलं होतं? फार खरं वाटत होतं. (इचलकरंजी, इयत्ता अकरावी)

उत्तर : काकवी, त्यात लाल खायचा रंग आणि चिमूटभर कोको. पोरांना गुऱ्हाळावरच सुचलं. काकवी दाट असते म्हणून कपड्यावर पसरत नाही, ओघळते. एकच अडचण : पाच मिनिटांत मुंगळे. मेलेल्या माणसाचं काम करणाऱ्याला त्यांच्यामुळं दोन-तीनदा उठून झटकून घ्यावं लागलं. हिचकॉकनं १९६० साली 'सायको'तल्या न्हाणीघरातल्या खुनाला चॉकलेटचं सिरप वापरलं. सिनेमा काळा-पांढरा होता, त्यामुळं रंगाचा प्रश्न आला नाही. तो सिनेमाही त्याच्या मानानं स्वस्तातला, आठ लाख डॉलरच्या आसपासचा, दूरचित्रवाणी मालिकेच्या त्याच्या नेहमीच्या माणसांना घेऊन केलेला. पाऊण मिनिटाच्या त्या खुनाच्या चित्रीकरणाला मात्र त्यानं एक आठवडा दिला. चाकू अंगात शिरताना जवळजवळ दिसतच नाही. तुकड्या-तुकड्यांची जोडणी इतकी वेगवान आहे की बाकीचं आपण मनात पूर्ण करतो. आणि खेळ सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही असा नियम त्यानं टॉकीजवाल्यांना घालून दिला होता. आमच्या डोअरकीपरला मी हे सांगितलं होतं तेव्हा तो म्हणाला होता, "असा मालक मिळायला नशीब लागतं." उशिरा येणाऱ्यांना बॅटरी दाखवत खुर्च्यांपर्यंत पोचवण्यात त्याचा जन्म गेला.

प्रश्न : पुढच्या खेळाला माझ्या चौदा वर्षांच्या मुलाला आणू का? तो मोबाईलवर असले सिनेमे बघतोच. (नागाळा पार्क)

उत्तर : आणू नका. पहिला खेळ निमंत्रितांपुरता होता. तिकीट लावून दाखवायचा तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागेल, आणि विहिरीचा प्रसंग तसाच राहिला तर ते प्रौढांसाठीचं मिळेल असा माझा अंदाज आहे. २०२४ च्या नोव्हेंबरपासून यूए प्रमाणपत्रात (मुलांनी पालकांच्या देखरेखीखाली बघायच्या सिनेमांचं) सात, तेरा आणि सोळा वर्षं अशा तीन पायऱ्या झाल्या आहेत. घरी काही लावताना तो आकडा बघत जा. मोबाईलवर तो एकटा बघतो, याची मला जास्त काळजी वाटते. टॉकीजमध्ये घाबरलेल्या पोराच्या शेजारी कुणीतरी असतं. तुम्ही त्याच्याजवळ बसा, आणि कुठल्या प्रसंगाला तो मोबाईल पालथा घालतो तेवढं बघा.

प्रश्न : माझं वय ६१. आमच्या गल्लीतली काही पोरं हा सिनेमा बघून आली आणि आता म्हणतात, आपल्या कोल्हापूरच्याच बालहत्याकांडावर सिनेमा करू, कमी पैशात होईल, नाव होईल. त्या वेळी माझा मुलगा तीन वर्षांचा होता. ते दिवस आठवले की अजून हातपाय गार पडतात. त्यांनी हा सिनेमा करावा का? (उत्तरेश्वर पेठ)

उत्तर : वहिनी, तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. एक आई आणि तिच्या दोन मुली, अशा तिघी १९९६ साली पकडल्या गेल्या. १९९० पासून त्या ठिकठिकाणची लहान मुलं पळवत होत्या, गर्दीत चोरी करताना त्यांना ढाल म्हणून वापरत होत्या, आणि मूल अडचणीचं झालं की मारून टाकत होत्या. आई खटल्याआधीच तुरुंगात मेली. बहिणींना कोल्हापूरच्या न्यायालयानं २००१ मध्ये फाशी सुनावली, सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये ती कायम केली, आणि दयेच्या अर्जावर निर्णय व्हायला लागलेल्या विलंबामुळं मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२२ मध्ये ती जन्मठेपेवर आणली. त्या तिघींची नावं मी लिहिली नाहीत. ती सगळ्यांना पाठ आहेत. गेलेल्या मुलांपैकी एकाचं तरी नाव किती जणांना सांगता येईल?

या प्रकरणावर २०१९ मध्ये हिंदीत एक वेबफिल्म येऊन गेली आहे, तेव्हा पोरं काही पहिलीच नाहीत. करू नका असं मी त्यांना सांगणार नाही, सांगून कुणी थांबत नाही. पण दोन सिनेमे त्यांनी आधी बघावेत असं मला वाटतं.

एक, फ्रिट्झ लांगचा 'एम', जर्मन, १९३१ चा. मुलं मारणारा खुनी. पहिला खून कसा दाखवलाय ते बघा. आई जेवणाची तयारी करून मुलीची वाट बघतेय. घड्याळ. जिन्यावरून डोकावते, जिना रिकामा. मुलीला हाक मारते. माळ्यावर वाळत घातलेले कपडे, कुणी नाही. टेबलावर मुलीचं रिकामं ताट. मग झुडपातून मुलीचा चेंडू घरंगळत येतो आणि थांबतो. खुन्यानं तिला घेऊन दिलेला फुगा तारांत अडकतो. झालं. खुनी मुलीला हातसुद्धा लावताना दिसत नाही. मी हा सिनेमा फिल्म सोसायटीच्या खेळात पाहिला, तेव्हा ते ताट दिसल्यावर माझ्या शेजारचा धिप्पाड माणूस, वस्ताद असावा, खाली मान घालून रुमाल शोधत होता.

दुसरा, अनुराग कश्यपचा २०१६ चा 'रमन राघव २.०'. हाही कमी पैशात, थोड्या दिवसांत केलेला. साठच्या दशकात मुंबईत फुटपाथवर झोपलेल्या गरिबांना मारणारा जो खरा माणूस १९६८ साली पकडला गेला, त्याची माहिती सिनेमा सुरुवातीला देतो आणि मग सांगून टाकतो की हा सिनेमा त्याच्याबद्दल नाही. तिथून पुढं गोष्ट आजची आणि कल्पनेतली. खऱ्या मेलेल्या माणसांच्या घरात कॅमेरा शिरत नाही. तुमच्या गल्लीतल्या पोरांना हा मार्ग मोकळा आहे. त्या वर्षांतली भीती घ्यावी, मुलं घेऊ नयेत.

ती भीती मी पाहिलीय. १९९६ च्या हिवाळ्यात बातम्या यायला लागल्या तेव्हा आमच्याकडं एक कौटुंबिक सिनेमा चालू होता, दुपारचा तीनचा खेळ बायका-मुलांनी भरलेला. एरवी मध्यंतराचा दिवा लागला की पोरं सुटायची, वडा-पाव आणि लिमलेटसाठी जिन्यावर नुसती झुंबड. आया जागेवर बसून राहायच्या. त्या आठवड्यात मध्यंतर झालं आणि झरोक्यातून मला एकही मूल एकटं उठलेलं दिसलं नाही. आयाच उठल्या, मुलाचं मनगट घट्ट धरून, दुसऱ्या हातात पर्स. काही तर उठल्याच नाहीत, मुलाला मांडीत घेऊन बसून राहिल्या. खाली स्टॉलवाल्याचे तळलेले वडे तसेच राहिले. पडद्यावर जाहिराती चालू होत्या आणि सगळ्या थिएटरात कुणी पळत नव्हतं.

त्या पोरांना माझ्याकडं पाठवा. मासिकाच्या कार्यालयात माझा पत्ता मिळेल. रविवारी सकाळी मी घरीच असतो. आणि तुम्हाला शक्य असेल तर तुम्हीही त्यांच्याबरोबर या. त्या दिवसांत तीन वर्षांच्या मुलाला घेऊन तुम्ही महाद्वार रोडवरून कशा चालायचात, ते त्यांनी तुमच्या तोंडून ऐकावं असं मला वाटतं.